काळ्या भिंतीवरचे पतंग : एका प्रदर्शनाच्या कामाच्या नोंदी

४ मे, चाळकेवाडी पठार, सातारा

पावणेनऊला पहिला नर सरडा दिसला. वीतभर दगडावर चढून मान ताठ करून बसलेला. मी आणि भाचा दहा-बारा फुटांवर पालथे पडलेलो. आधी काहीच नाही. मग त्याने गळ्याखालची घडी एकदम खाली सोडली, मिटली, पुन्हा सोडली. लक्ष्मी रोडवर दुकानदार गिऱ्हाइकापुढे पदर झटकन उलगडतो आणि लगेच घडी घालतो, अगदी तसं. निळा, काळा, शेंदरी. बोटाएवढ्या जिवाला इतका भडक रंग कशाला, हे दोन मिनिटांत कळलं. पलीकडच्या दगडावर दुसरा नर होता आणि त्याच्या पलीकडे मादी.

या सरड्यांच्या गटाला २०१६ मध्ये शास्त्रज्ञांनी वेगळी प्रजाती ठरवून नाव दिलं, ते ‘सरडा’. कुंपणापर्यंत धाव असलेला आपला सरडा थेट शास्त्रीय नावांच्या यादीत जाऊन बसला. इथला हा सरडा सुपर्बा.

डोक्यावर पवनचक्क्यांची घरघर चालूच. याच पठारावरचा एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. जिथे पवनचक्क्या उभ्या आहेत तिथे शिकारी पक्षी जवळपास चौपटीने कमी, त्यांच्या झडपाही कमी. त्यामुळे सरडे जास्त. त्यांच्या रक्तात ताणाचं संप्रेरक कमी, माणूस पार जवळ जाईपर्यंत पळत नाहीत. ऐकायला सुखाचं वाटतं. पण हे सरडे हडकुळे निघाले आणि रंगाने फिके. गर्दी वाढली, तेच खाणं जास्त तोंडांत वाटलं गेलं, रंगावर उधळायला अंगात काही उरेना.

बदलत्या परिसरातल्या जिवांवर प्रदर्शन करतेय, त्यातलं पहिलं काम ठरलं. दोन गळे, एक भडक, एक फिका. फोटो शंभर काढले, कामाचा एकही नाही. वहीत सात रेखाटनं आहेत, त्यातली दोन चालतील.

१२ मे

जागा मिळाली. सदाशिव पेठेतला जुना वाडा, पुढची दोन दालनं आणि मधला चौक. मालकांना सगळे नाना म्हणतात. भाडं नको म्हणाले, फक्त विजेचं बिल द्या आणि जिन्यावर कुणाला बसू देऊ नका.

निघताना मागचं स्वयंपाकघर पाहिलं. चुलीमागची भिंत जमिनीपासून आढ्यापर्यंत काळीभोर. बोट लावलं तर काजळीचा ठसा उठला. नाना ओशाळले. ‘अगं, ती खोली नको दाखवूस कुणाला. आईने चाळीस वर्षं चुलीवर केलं तिथे. किती वेळा म्हणतोय, चुना मारून घेतो.’ मी म्हटलं, नाना, हात जोडते, ही भिंत अशीच राहू द्या. त्यांना वाटलं मी मोठेपणाने बोलतेय.

इंग्लंडमध्ये पेपर्ड मॉथ नावाचा एक पतंग आहे, पांढऱ्या पंखांवर मिरपूड शिंपडल्यासारखा. दगडफुलाने भरलेल्या खोडावर बसला की दिसत नाही. १८४८ मध्ये मँचेस्टरला त्याच जातीतला एक काळा पतंग नोंदला गेला. गिरण्यांच्या धुराने झाडं काळी पडली होती, आता त्यांच्यावर पांढरा उठून दिसायला लागला आणि पक्ष्यांनी वेचला. १८९५ पर्यंत तिथले ९८ टक्के पतंग काळे. हे सगळं पाठ्यपुस्तकात वाचून विसरलेलं असतं. पण काळी भिंत समोर असली तर वाचायची गरज नाही, खेळता येतं.

२१ मे

खेळाची चाचणी. पांढऱ्या आणि काळ्या कागदाचे पतंग कापले, दोन रुपयांच्या नाण्याएवढे. काळ्या भिंतीवर दोन्ही रंगांचे बारा-बारा, भाताच्या खळीने हलके डकवले. वाड्यातली चार पोरं. नियम एकच. लांबून पळत यायचं, दिसतील ते तीन उचलायचे आणि परत.

पहिल्या फेरीत ९ पांढरे गेले, ३ काळे. उरलेल्या प्रत्येकाला त्याच्याच रंगाचं एक पिल्लू दिलं, म्हणजे ६ पांढरे, १८ काळे. दुसऱ्या फेरीत ५ पांढरे आणि ७ काळे. पुन्हा पिल्लं. तिसऱ्या फेरीत पांढरे संपले. सगळी भिंत काळ्या पतंगांची आणि ती जवळून पाहिल्याशिवाय कळत नव्हती.

दुसरीतल्या मुलीने विचारलं, ‘मग जे उरले ते घाबरून काळे झाले का?’

हाच घोळ. संध्याकाळी मॅडमकडे लेबलांचा पहिला मसुदा घेऊन गेले. मॅडम प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झाल्यात. तांबड्या पेनाशिवाय वाचत नाहीत. मी लिहिलं होतं, ‘पतंगांनी धुराशी जुळवून घेतलं.’ त्यांनी ‘जुळवून घेतलं’वर काट मारली. ‘कुणी घेतलं जुळवून? पांढरा पतंग पांढराच जन्मला आणि पांढराच मेला. तू सासरी जुळवून घेतलंस तसं नाही हे.’

बरं, मग ‘अनुकूलन’ लिहू? तो शब्द वाचून माणूस पुढच्या चित्राकडे जातो. तासभर घासाघीस. ठरलं ते असं: ‘एकाही पतंगाने रंग बदलला नाही. जे दिसले ते खाल्ले गेले. जे दिसले नाहीत त्यांना पिल्लं झाली.’ तीन वाक्यं, एकही जड शब्द नाही. मॅडम म्हणाल्या, आता बाकीच्या लेबलांतूनही तो शब्द शोधून आण. अकरा ठिकाणी सापडला.

९ जून

कोण राहणार, कोण जाणार याची यादी. चित्ता गेला. १९५२ मध्ये भारतातून संपला म्हणून जाहीर झालेला, २०२२ मध्ये नामिबियातून आठ आणून कुनोत सोडले, इथवर सगळ्यांना माहीत आहे आणि त्यावर प्रत्येकाचं मत तयार आहे. प्रदर्शनात भांडणं नकोत, निदान पहिल्या दालनात.

‘नाहीसा झालेला प्राणी’ म्हणून रिकामी चौकट टांगायची कल्पना भाच्याने मांडली. नको. प्रत्येक पर्यावरण प्रदर्शनात एक रिकामी चौकट असतेच आणि तिच्यासमोर लोक स्वतःचे फोटो काढतात.

२८ जून

बैल छापायला घेतले.

गिधाडांसाठी आधी पंख करायचं ठरलं होतं. मग एक आकडा वाचला आणि पंख बाजूला ठेवले. २००४ मध्ये लिंडसे ओक्स आणि सहकाऱ्यांनी पाकिस्तानातल्या मेलेल्या गिधाडांवरून दाखवलं की त्यांना मारतंय ते डिक्लोफिनॅक, जनावरांना दुखण्यासाठी टोचलं जाणारं साधं औषध. औषध टोचलेलं जनावर मेलं आणि गिधाडाने खाल्लं की त्याची मूत्रपिंडं निकामी होतात, काळजाभोवती, यकृतावर युरिक आम्ल चुन्यासारखं पांढरं साचतं. याच काळात दुसऱ्या अभ्यासकांनी हिशोब मांडला. गिधाडं ज्या वेगाने संपत होती त्यासाठी किती मेलेल्या जनावरांत औषध असायला हवं? उत्तर आलं, ७६० मध्ये एक ते १३० मध्ये एक. म्हणजे शेकड्याला एकसुद्धा नाही.

मला वाटत होतं निम्म्या तरी जनावरांत असेल.

तर १३० बैल. आडवा पडलेला, पाय ताठ, पोट फुगलेलं, एकच लिनोचा ठसा कोरून १३० छापे. हातकागद शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेतून आणला. एका छाप्याच्या मागे पेन्सिलने फुली. पुढून काही फरक नाही. भिंतीवर दहा रांगा, तेरा बैल एकेका रांगेत.

आज ३४ झाले. रोलर फिरवून खांदा भरून आलाय. बाविसाव्यानंतर लक्षात आलं, बैलाचा डोळा शाईने भरतोय, शाई घट्ट होती. डोळा पुन्हा कोरला. म्हणजे पहिल्या बावीस बैलांचा डोळा मिटलेला आणि पुढच्यांचा उघडा. टाकवत नाहीत, कागद महाग आहे. राहू देत.

१७ जुलै

कागद सादळला. वाड्यात आणून ठेवलेला अख्खा गठ्ठा पापडासारखा लाटालाटांचा झालाय. भिंतींना कमरेपर्यंत ओल. नानांनी शेगडी पेटवून द्यायची तयारी दाखवली, कागदाच्या खोलीत. नको म्हटलं. सगळं घरी नेलं, गाद्यांखाली दाबलं. गेले चार दिवस आम्ही बैलांवर झोपतोय.

१० ऑगस्ट

आज दिवसभर रानपिंगळा. याच्यावर मी बेत केला होता त्यापेक्षा जास्त वेळ जातोय, पण जाऊ दे.

छोटं घुबड. १८७३ मध्ये ब्रिटिश पक्षितज्ज्ञ ह्यूमने त्याची शास्त्रीय नोंद केली. १८८४ नंतर कुणालाही मिळालं नाही. एक नमुना मात्र होता, रिचर्ड माइनर्ट्झहागेन या नामांकित ब्रिटिश संग्राहकाचा, लेबलावर १९१४ आणि गुजरातेतलं मांडवी. लोक त्या भागात शोधायला जात आणि हात हलवत परत येत. पुढे अमेरिकी पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी तो नमुना नीट तपासला. घुबड एकोणिसाव्या शतकातलं, दुसऱ्याने जमवलेलं, संग्रहालयातून उचललेलं. पुन्हा नव्याने पेंढा भरून वर स्वतःचं लेबल बांधलेलं. ते लेबल बाजूला ठेवून जुन्या खऱ्या नोंदींच्या जागा धरल्या आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये सातपुड्याच्या पायथ्याशी, शहाद्याजवळ, रानपिंगळा दिसला. ११३ वर्षांनी. दिवसाढवळ्या, फांदीवर बसलेला.

घुबड कुठेही गेलं नव्हतं. लेबल चुकीचं होतं.

मॅडमना फोन करून हे सांगितलं तर म्हणाल्या, ‘मग? मी उगाच तांबडं पेन घेऊन बसते का?’

काम असं केलंय. जुन्या संग्रहालयात पक्ष्याच्या पायाला दोऱ्याने बांधतात तशी पुठ्ठ्याची लेबलं, शंभरावर, छताला टांगलेली. चहाच्या पाण्यात बुडवून वाळवली, बोरूने लिहिली. सगळ्यांवर एकच खोटा पत्ता. पाहणाऱ्याला त्यांच्यातून वाट काढत जायचंय. पलीकडच्या भिंतीवर, डोळ्यांच्या उंचीवर, तळहाताएवढं खरं चित्र. बोरूचं टोक सारखं फुटतं. जुन्या बाजारात एका आजोबांकडे चांगले बोरू मिळाले, भाव केला नाही.

६ सप्टेंबर, तांबट आळी

सरड्याचे गळे तांब्याचे करायचं ठरलं तेव्हा सगळ्यांनी वेड्यात काढलं. पण त्या गळ्यावरचे खवले आणि कसब्यातल्या तांब्याच्या हंड्यावरचा मठार, म्हणजे हातोडीच्या ठोक्यांची नक्षी, शेजारी ठेवून पाहा.

काकांचं दुकान म्हणजे उंबऱ्याच्या आत चार फूट जागा. मांडी घालून बसतात, पुढ्यात लोखंडी खुंट, त्यावर पत्रा. मी रेखाटन दाखवलं. त्यांनी उलटसुलट करून पाहिलं. ‘हे काय, पान?’ सरड्याचा गळा म्हटल्यावर हसले नाहीत, मोबाइलवर व्हिडिओ दाखवला तो तीनदा पाहिला. ‘हा फुगवतोय. म्हणजे मधे ताण पाहिजे आणि कडेला सैल.’ हे मला चार महिन्यांत सुचलं नव्हतं.

हातोडीचा एक ठोका, पत्रा केसभर सरकतो, पुढचा ठोका. ठोक्याला ठोका लागून, पण एकावर एक नाही. मी मोजायला लागले आणि दोनशेनंतर सोडून दिलं. पत्रा हळूहळू वाटीसारखा होत गेला. मग चिंचेने घासला, धुतला आणि आतून उजेड लावल्यासारखा गुलाबी निघाला.

रंग तापवून आणायचा. आच लागली की तांबं आधी केशरी होतं, मग जांभळट, मग निळसर झाक येते आणि एक क्षण जास्त झाला की काळवंडतं. पहिला गळा काळवंडला. काका म्हणाले, ‘ताई, हे दूध तापवण्यासारखं आहे, नजर हलली की गेलं.’ नजर माझ्यामुळे हलली होती, मी प्रश्न विचारत होते. दुसरा जमला. काठाला शेंदरी, आत निळी झाक, मधला काळा पट्टा वेगळा रंगवावा लागेल.

मग फिक्या सरड्यासाठी म्हटलं, हा कमी तापवा. ‘का? मुद्दाम वाईट कशाला करायचं?’ पवनचक्क्यांचं सगळं सांगितलं. काका विचार करून म्हणाले, ‘म्हणजे वैरी गेला तरी हा बारीकच.’ पत्रा घेतला आणि नुसती ऊब दाखवून काढला.

५ ऑक्टोबर

शिवसुमनाचं चित्र काढायला बाणेरला एका वनस्पती अभ्यासकांच्या गच्चीवर. जुन्नरकडचे कडे, शिवनेरी, अशा मोजक्या ठिकाणची ही वनस्पती, जगात दुसरीकडे रानात कुठे नाही. फुलं तांबूस तपकिरी चांदणीसारखी, काठाला बारीक लव. पावसाळ्यात पानं, उन्हाळ्यात पानं गाळून नुसते मांसल हिरवे दांडे, अन्न तयार करायचं काम तेच करतात. गंमत म्हणजे दांडा तोडून कुंडीत खोचला की लागतो, देशोदेशीच्या निवडुंगवेड्यांच्या खिडक्यांत हिची कुंडी सापडते. कड्यावर मात्र नाव घ्यायला. शिवसुमन म्हणतो आपण, शास्त्रीय नाव मात्र मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रेअर यांच्यावरून पडलेलं. शिवजन्माच्या गडावर साहेबाचं फूल.

जलरंगात तीन पानं झाली. लेबल मॅडमनी एकाही दुरुस्तीशिवाय पास केलं. असं पहिल्यांदाच झालं.

१३ ऑक्टोबर

नानांनी स्वयंपाकघराला चुना मारला.

दिवाळी आली, पुढच्या खोल्यांना रंगारी आलाच होता, तर ‘तुझं प्रदर्शन आहे, लोक येतील, म्हणून तेवढं मागचंही पांढरं करून घेतलं’. दोन हात. दारात उभं राहून कौतुकाने दाखवत होते. चाळीस वर्षांची काजळी, पाच महिन्यांचं नियोजन, ५०० काळे कागदी पतंग घरी कापून ठेवलेले.

मी काही बोलले नाही. चौकात जाऊन बसले. काकूंनी चहा आणून दिला आणि हळूच म्हणाल्या, ‘त्यांना वाटलं तू संकोचाने नको म्हणत होतीस.’

रात्री भाच्याला सांगितलं तर तो हसत सुटला. म्हणाला, आत्या, इंग्लंडमध्ये पण असंच झालं की. बरोबर आहे. १९५६ मध्ये तिथे हवा स्वच्छ ठेवण्याचा कायदा आला, धूर कमी झाला, झाडं पुन्हा उजळली आणि पांढरे पतंग वाढत गेले. आता काळे दुर्मीळ. नानांनी तो कायदा दोन दिवसांत अमलात आणला.

खेळ राहील. निकाल उलटा लागेल. पांढरे पतंग आणखी ३०० कापायचे आहेत.

१६ नोव्हेंबर

गळीत हंगाम सुरू झालाय, त्यामुळे पाचट फुकट. टेम्पोभर आणलं. बिबट्या पाचटाचा विणायचा, कान-शेपटी सोडली तर ओळखू येणार नाही असा, उसाच्या फडात बसलेला. हात रक्तबंबाळ, पाचटाची धार कागदासारखी असते, कापलेलं कळत नाही, आंघोळीला कळतं.

याच्याच लेबलावर मॅडमशी उलटं भांडण झालं. जुन्नर, आंबेगाव, शिरूरकडे कालव्याचं पाणी आलं, ऊस आला. ऊस वर्षभर उभा, आत सावली, जवळ पाणी, वस्तीवर कुत्री-शेळ्या. माद्या उसातच वितात. तोडणीच्या वेळी फडात पिल्लं सापडतात, मग ती त्याच जागी खोक्यात ठेवून रात्री आईने न्यायची वाट पाहतात. जखमी, पकडलेले बिबटे माणिकडोहच्या निवारा केंद्रात. मी सावधपणे ‘जुळवून घेतलं’ टाळून लिहिलं होतं. मॅडमनी काट मारली आणि वर तोच शब्द लिहिला. ‘इथे चालेल. हा त्याच जन्मात शिकतो. पतंगासारखं निवडून उरलेलं नाही हे, सरड्यासारखं अंगाने झडलेलंही नाही. बिबट्या खरंच जुळवून घेतो, तुझ्या माझ्यासारखा.’

म्हणजे अकरा ठिकाणांपैकी एका ठिकाणी तो शब्द राहिला. बाकी दहा ठिकाणी मी काय म्हणत होते, हे लिहिताना मला तरी माहीत होतं का?

नाना पाचट बघून घाबरले. लाकडी वाडा, एक ठिणगी पुरे. बिबट्या चौकात, उघड्यावर ठेवायचा, शेजारी पाण्याच्या दोन बादल्या. कबूल.

२८ नोव्हेंबर

टांगाटांग. माळढोकाचं काम शेवटी एका दुपारी झालं आणि कदाचित म्हणूनच बरं झालंय. दालनाच्या टोकाला लेबल जमिनीवर चिकटवलंय, बारीक अक्षरात. वाचायला वाकून चालत जावं लागतं आणि नेमकं तेव्हा कपाळाला आडवा ताणलेला काळा लोकरीचा धागा लागतो. माळढोकाचं तसंच होतं. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, भक्ष्य शोधायला मान खाली घातली की समोरचं दिसत नाही. १५ किलोपर्यंतचं अंग, ऐनवेळी वळता येत नाही, आणि समोर विजेची तार. सोलापूरजवळ नान्नजला १९७९ पासून त्याच्यासाठी अभयारण्य आहे, आता देशातले जवळपास सगळे राजस्थानात उरलेत. तारा जमिनीखाली घाला असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश २०२१ मध्ये आला होता, २०२४ मध्ये तो बदलून पुन्हा समितीकडे गेला.

सुतारदादांना धागा दिसला नाही. दोनदा.

३० नोव्हेंबर

पहिला रविवार. गर्दी चांगली. स्वयंपाकघरात पोरांनी दंगा केला. पांढऱ्या भिंतीवर काळे पतंग दुसऱ्याच फेरीत संपले. दुसरीतली ती मुलगी आली होती, आता इतरांना दटावून सांगते, ‘घाबरून नाही होत. जे दिसतात ते जातात.’ हिला पगार द्यायला हवा.

माळढोकाच्या धाग्याबद्दल एक तक्रार, चष्मा अडकला म्हणून. दिलगिरी व्यक्त केली. लेबल मात्र त्यांनी शेवटपर्यंत वाचलं.

४ डिसेंबर

दुपारी तीनला एक गृहस्थ बैलांपुढे बराच वेळ उभे. पांढरा शर्ट, पिशवी. जनावरांच्या दवाखान्यात नोकरी झालेली, शिरूर भागात. ‘डायक्लो आम्हीच टोचायचो,’ म्हणाले. ‘गाय उठत नसायची, सुई दिली की अर्ध्या तासात उभी राहून वैरणीला तोंड लावायची. मालक पाया पडायचा. ह्यात गिधाड कुठून येणार डोक्यात?’ २००६ मध्ये जनावरांसाठी बंदी आली तेव्हा माणसांसाठीची मोठी बाटली आणून तीच टोचायचे, हेही त्यांनीच सांगितलं. म्हणून तर २०१५ मध्ये माणसांच्या औषधाची बाटली तीन मिलीची केली. गिधाड पाच वर्षांचं झाल्याशिवाय वीण धरत नाही, वर्षाला एकच अंडं घालतं. दीड दशकात पांढऱ्या पाठीची गिधाडं हजारातलं एक उरली.

त्यांनी विचारलं, ह्यातला कुठला? मी म्हटलं, मागे फुली आहे, उलटून बघता येईल. त्यांनी सगळ्या रांगांवरून नजर फिरवली आणि एकालाही हात न लावता म्हणाले, ‘ह्या वरच्यांचे डोळे मिटलेत आणि खालच्यांचे उघडे, ते मुद्दाम?’

नाही, शाई घट्ट होती, हे मी त्यांना सांगितलं नाही.

७ डिसेंबर

जुन्नर तालुक्यातून एक कुटुंब, मुलगी इथे शिकते. आई बिबट्याला फेरी मारून लेबलापाशी आल्या. वाचलं. ‘बिबट्याने उसाशी जुळवून घेतलं.’ मग मला म्हणाल्या, ‘अन् आमचं? पाचनंतर पोरांना अंगणात सोडत नाही आम्ही. रात्रीची लाइट आली तर पाणी धरायला तिघं जातात, एकाच्या हातात नुसती बॅटरी.’ आवाज चढवला नाही. जाताना पाचटाचं विणकाम हाताने चाचपून म्हणाल्या, पीळ चांगला बसलाय.

रात्री लेबलाखाली त्यांचं वाक्य लिहून लावलं, नाव न घालता. मॅडमना विचारलं नाही.

१० डिसेंबर

भिंत बदलतेय. चुन्याखालची काजळी वर यायला लागलीय, आधी चुलीमागे, मग वरपर्यंत, चहा सांडल्यासारखे पिवळे-तपकिरी डाग. आजच्या फेऱ्यांत काही धड ठरलं नाही. डागांवर काळे वाचतात, मधल्या पांढऱ्यावर पांढरे. तिसऱ्या फेरीअखेर काळे-पांढरे जवळपास सारखेच, आणि पोरांना वाटलं खेळ बिघडला.

मॅडम येऊन बसल्या होत्या. भिंतीचा फोटो काढून घेतला त्यांनी. लेबलाला हात लावला नाही.

१६ डिसेंबर

आवराआवर. बिबट्या वाड्याच्या मागे खड्ड्यात, खत होईल. दोन्ही गळे काका दुकानात लावणार आहेत, फिका पुढे आणि भडक मागे, का ते त्यांनाच माहीत. बैल मोजले, १२९ भरले. संध्याकाळी एका मुलाची आई घडी घातलेला बैल घेऊन आली, पोराच्या दप्तरात सापडला म्हणून. मागे फुली नव्हती. त्यालाच देऊन टाकला.

खळीचे ठसे पुसायला स्वयंपाकघरात गेले तर खिडकीच्या चौकटीमागे सहा पतंग सापडले, चार काळे, दोन पांढरे. नाना पाठीशी येऊन उभे होते. भिंतीकडे बघत म्हणाले, ‘रंगारी बोलला होता, काजळीवर चुना धरत नाही म्हणून. पुढच्या दिवाळीला आधी खरवडून घेऊ.’